दुपारचे साडेतीन तास

मैत्रिणींनो, या आठवड्यात खरे म्हणजे वाळवणांबद्दल लिहायचे ठरवले होते. सांडगे, कुरडया, बटाट्याचा कीस, सगळी टिपणे काढून ठेवली होती. पण मंगळवारी एका वाचक भगिनीचे पत्र आले आणि वाळवणे बाजूला राहिली. ती काय, पुढच्या आठवड्यातही वाळतील. ऊन कुठे पळून जात नाही.

पत्र एका तालुक्याच्या गावाहून आले आहे. लिहिणारीचे वय ३६, शिक्षण बी. ए., लग्नाआधी एमएससीआयटी केलेली. थोरली सातवीत, धाकटा तिसरीत. यजमानांचे स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. दुपारी बारा ते साडेतीन घरात कोणी नसते. "कॉम्प्युटर म्हणाल तर मेल पाठवता येतो, ऑनलाइन फॉर्म भरता येतो, एक्सेल थोडंफार. बाकी मला फारसं काही येत नाही. चार पैसे मिळतील असं घरबसल्या किंवा अर्धवेळ काम कुठं मिळेल का?"

आणि खाली ता. क.: "एका कंपनीचं घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम मिळतंय. नोंदणी फी तीन हजार आहे. शनिवारपर्यंत भरायची आहे. यांना अजून सांगितलेलं नाही. भरू का?"

पत्रावर फोन नंबर होता. मी हातातले पीठ तसेच ठेवून आधी फोन लावला. त्या फोनवर काय झाले ते शेवटी सांगते. आधी माझे स्वतःचे सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाईंना उपदेश करायचा मला हक्क नाही.

मी सांगलीला राहते. एका खाजगी शाळेत मराठी शिकवते, पण कायम नोकरीत नाही, तासिकेवर. जितके तास घेतले तितक्यांचे पैसे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळेने एक तुकडी कमी केली आणि माझे आठवड्याचे १८ तास होते ते ८ झाले. कोणी काही वाईट बोलले नाही. मुख्याध्यापकांनी चहा दिला आणि नवे वेळापत्रक हातात ठेवले. त्याच महिन्यात मुलाच्या क्लासची फी वाढली होती. तासिकेचे पैसे म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, पण दूध, गॅस आणि मुलीचा रिक्षावाला एवढे त्यात भागत होते. आता रिक्षावाला कशात भागवायचा हा प्रश्न माझ्यापुढे होता, आणि तो मला कोणापुढे मांडायचा नव्हता.

अशा वेळी माणूस फोनमध्ये बघतो. मलाही तिथे जाहिरात दिसली. "गृहिणींसाठी सुवर्णसंधी. घरबसल्या टायपिंग. पानाला २५ रुपये." नोंदणीचे १,८५० रुपये, काम संपले की परत. मी ते भरले. कुठून भरले? महिन्याच्या डब्यातून. आधारचा फोटो पाठवला, फोनवरच एका कराराला "मान्य" म्हणून बोट लावले. करार इंग्रजीत १४ पानांचा होता. बी. ए. झालेली बाई मी, मुलांना नेहमी सांगते की वाचल्याशिवाय सही करू नका, आणि स्वतः पहिले पानसुद्धा वाचले नाही.

मग फोटो काढलेली धुरकट पाने आली. अक्षर असे की भिंग लावले तरी दिसू नये. सात रात्री जागून मी ती पाने टाइप केली. आठव्या दिवशी निरोप आला की तुमच्या कामात चुका जास्त आहेत, कराराप्रमाणे तुम्हीच दंड भरायचा आहे, ६,२०० रुपये. दुसऱ्या दिवशी "वकिलाची नोटीस" आली, वर शिक्का, खाली सही, आणि शेजारी पैसे भरायला क्यूआर कोड! आज सांगताना हसू येते. त्या दिवशी पोटात गोळा आला होता. मी नऊ दिवस घरात कोणाला बोलले नाही. फोन वाजला की दचकायची. भाजी दोनदा करपली.

सासूबाईंनी हेरले. आमच्या सासूबाई फार शिकलेल्या नाहीत, पण १५ वर्षे त्यांनी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा केली आहे. दुपारभर पेठेतून पायी फिरायचे, दुकानादुकानातून दहा-वीस रुपये घ्यायचे, कार्डावर नोंद करायची. हिशेबात त्यांचा एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही. दळण आणायला जाताना त्या म्हणाल्या, "तुझं काय हरवलंय?" मी वाटेतच रडले. सगळे ऐकून घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, मी १५ वर्षं काम केलं. संस्थेनं मला पैसे दिले. तू काम करायला गेलीस आणि पैसे तूच दिलेस, तेव्हाच तुला कळायला हवं होतं."

रात्री यांना सांगितले. हे रागावले, पण १,८५० रुपयांवर नाही, नऊ दिवसांवर रागावले. दुसऱ्या दिवशी आम्ही १९३० ला फोन केला, तक्रार नोंदवली. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे, मैत्रिणींनो, गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी नऊ दिवस घालवले होते, त्यामुळे माझे गेले ते गेले. नोटीस अर्थातच खोटी होती. न्यायालयाचा कागद असा दंडाचा आकडा आणि क्यूआर कोड घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही.

जाता जाता आणखी एका सापळ्याबद्दल. हॉटेलांना चांगले शेरे द्या, व्हिडिओ आवडले म्हणून कळ दाबा, प्रत्येकी ५० रुपये मिळवा, असे एक काम सांगतात. पहिले दीड-दोनशे रुपये खरेच खात्यात येतात. तेच आमिष. मग "मोठ्या कामासाठी" तुम्हीच पाच हजार भरायचे, मग पंधरा. आणि कोणी म्हणाले की आमचे पैसे तुमच्या खात्यात येतील, तुम्ही फक्त पुढे पाठवा, टक्केवारी घ्या, तर ते सगळ्यात वाईट. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरतो आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

असो. त्या प्रकरणानंतर महिनाभर मी लॅपटॉप उघडला नाही. पुन्हा सासूबाईंनीच विषय काढला. त्यांनी एक जुनी वही पुढे केली आणि म्हणाल्या, "तुला काय येतं ते लिही. पदव्या लिहू नको. गेल्या वर्षभरात हातानं काय केलंस ते लिही."

मला वाटले चार ओळी होतील. झाल्या २३. वर्गाचा निकाल एक्सेलमध्ये मी केला होता. पालक-शिक्षक संघाच्या सभेचे इतिवृत्त मी लिहायची. यूडायसवर मुलांची नावे आधारशी जुळवायचे किचकट काम माझ्याच गळ्यात पडायचे, तिथे एकाच मुलाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचे असते. पुतणीचा अकरावीचा प्रवेश अर्ज मी भरला होता. शेजारच्या काकांचा हयातीचा दाखला फोनवरून मी काढून दिला होता. फोटो ५० केबीच्या आत बसवणे, सात कागद एका पीडीएफमध्ये घालणे, पासबुक नीट स्कॅन करणे ही कामे तर मी मोजतच नव्हते. आपण यांना काम म्हणतच नाही. "जरा बघ ना गं" एवढ्यावर ती आपल्याकडून होऊन जातात. आणि बाहेर याच कामांसाठी लोक सेवा केंद्राच्या रांगेत तास तास उभे असतात.

वहीत डावीकडे येते ते आणि उजवीकडे येत नाही ते, असे दोन रकाने केले. उजवीकडे पहिलेच होते: मराठी टायपिंग. मी फोनवर इंग्रजी अक्षरे टाकून मराठी उमटवायची. चार ओळींना ठीक, चाळीस पानांना नाही. म्हणून इन्स्क्रिप्ट शिकले. लॅपटॉपमध्ये ते आयतेच असते, विकत काही घ्यावे लागत नाही. त्याची मांडणी मोठी शहाणी आहे. डाव्या हाताला स्वर आणि काने-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट, आणि जोडाक्षरासाठी लागणारा हलन्त डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. रोज अर्धा तास, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत, सहा आठवड्यांत बोटे आपोआप जायला लागली. सरकारी कारकुनीसाठी अर्ज करायचा असेल तर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा द्यावी लागते, मराठीला मिनिटाला ३० शब्द. खाजगी कामाला प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. मला तरी आजवर विचारलेले नाही.

हे टायपिंग युनिकोडमध्ये असावे एवढे मात्र लक्षात ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये केलेले पान दुसऱ्याच्या मशीनवर उघडले की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आमच्याकडच्या छापखान्यात आजही दोन्ही चालतात, म्हणून काम घेतानाच विचारून घ्यावे.

पहिले काम मिळाले ते एका निवृत्त गुरुजींचे. त्यांच्या आठवणींची हस्तलिखित १४० पाने. मी हौसेने केली. पैशाचे विचारले तेव्हा आपल्या बायकांचे ठरलेले वाक्य बोलले, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." गुरुजींना योग्य वाटला तो एक खण, एक नारळ आणि पाव किलो पेढे. माणूस फार चांगला, त्यांचा दोष नाही. त्यांनी मला मान दिला आणि मी मानच मागितला होता. हे मात्र आठवडाभर पेढ्याच्या खोक्याकडे बघून हसत होते. तेव्हापासून मी पानाचा दर आधी सांगते आणि एका पानाचा नमुना करून दाखवते. सांगताना आवाज पहिल्यांदा कापला. आता कापत नाही, पण फोनवर बोलताना अजून उभी राहते, बसून दर सांगता येत नाही.

मग एका सीएच्या कचेरीत दोन महिने गेले. काम शिकण्यासारखे होते, पण महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीच्या मुदती, त्या आधीचे तीन-चार दिवस रात्री आठ वाजायचे. "बारा ते तीन" हे फक्त बोलण्यात. मुलगी दारात दप्तर घेऊन बसलेली दिसली त्या दिवशी सोडले. ज्यांच्या घरी सांभाळणारे कोणी आहे त्यांनी ते काम जरूर करावे.

मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानी एक हंगाम केला. सांगलीची हळद तुम्हाला माहीत आहेच. नवी हळद यायला लागली की यार्डातला माणूस पिवळा होऊन घरी जातो. तिथल्या दिवाणजींचे वय सत्तरीच्या घरात, खतावणी डोळे मिटून सांगतील, पण कॉम्प्युटरला हात लावायला तयार नाहीत. ते सांगायचे आणि मी शेतकऱ्याची पट्टी मशीनवर घालायची: पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. एकदा वजनात पूर्णांकानंतरचा बिंदू चुकला. दिवाणजींनी न बघताच ओळखले. "बाई, एवढी हळद त्या गड्याच्या शेतात मावायची नाही." हिशेब नुसता यंत्रावर सोडायचा नाही, आकडा खरा वाटतो का हे आधी मनाला विचारायचे, हे मी तिथे शिकले. हंगाम संपला, काम संपले. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा बोलावले, तोवर माझे तीन सोसायट्यांचे काम सुरू झाले होते.

हे सोसायटीचे काम मला सविस्तर सांगायचे आहे, कारण ते गावोगावी आहे आणि कोणी जाहिरात देत नाही.

गृहनिर्माण सोसायटी म्हटली की कागद आलेच. दर महिन्याला किंवा तिमाहीला देखभालीची बिले, पावत्या, थकबाकीची स्मरणपत्रे, कमिटीच्या सभांची इतिवृत्ते. सभासदांची नोंदवही आय नमुन्यात, सभासदांची यादी जे नमुन्यात. मार्चअखेर हिशेब, ३१ जुलैच्या आत लेखापरीक्षण, सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा, आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी. शहरात यासाठी मोठ्या संस्था आहेत. आपल्याकडच्या २०-२५ घरांच्या सोसायटीत हे सगळे एका निवृत्त सेक्रेटरींच्या डोक्यावर असते. ते बिचारे प्रामाणिक असतात, पण हिशेब डायरीत, पावत्या पिशवीत आणि पासवर्ड कॅलेंडरच्या मागे.

मी गेले त्या पहिल्या सोसायटीची तर आणखीच कथा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला तेव्हा तळमजल्यावरच्या कचेरीत पाणी शिरले. वाचलेले दप्तर वाळवून ठेवले, तर २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी. नोंदवह्यांची पाने एकमेकांना चिकटून वड्या झालेल्या. सेक्रेटरी काका म्हणाले, "बाई, हे सगळं पुन्हा उभं करायचंय. जमेल?" मी म्हटले, "मला अकाउंट्स येत नाही. पण कागद बघून नीट उतरवता येतं." मला वाटते त्या वाक्यावरच काम मिळाले. येत नाही ते आधी सांगितले की माणूस येते त्यावर विश्वास ठेवतो.

घरोघर जाऊन जुन्या पावत्या गोळा केल्या, फोनवर त्यांचे स्कॅन केले, वर्षाप्रमाणे फोल्डर केले, २४ घरांचा एक तक्ता बनवला. तीन महिने लागले. दरमहा १,५०० रुपये ठरले होते.

आणि मग मी घोळ घातला. बिले काढायच्या आदल्या रात्री वाटले, नावे अकारविल्हे लावावीत, छान दिसेल. नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावला. मशीनने मध्येच काहीतरी विचारले, मी घाईत दुसऱ्याच पर्यायावर बोट मारले. नावे हलली, समोरचे थकबाकीचे आकडे मात्र जागच्या जागी राहिले. म्हणजे एकाची बाकी दुसऱ्याच्या माथी! मला कळलेही नाही. २४ बिले छापली, वाटली. सकाळी साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत माझ्या दारात. त्यांच्या हातात ११ वर्षांच्या पावत्या, क्रमाने टाचलेल्या, खालच्या कडेला पुराच्या चिखलाचा डाग. "मुली, मी आयुष्यात कोणाचे दोन पैसे ठेवले नाहीत. आणि तू मला सात हजार बाकीदार केलंस, तेही नोटीस बोर्डावर." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच जास्त लागले.

त्या दिवशी मी शाळेत निरोप पाठवून २४ घरांत गेले. प्रत्येक दारात सांगितले की चूक माझी आहे, सेक्रेटरींची नाही, नवे बिल संध्याकाळी देते. एका बाईने आत बोलावून पाणी दिले, एकीने दार लावून घेतले. बोर्डावर माफीची चिठ्ठी माझ्या सहीने लावली. हे म्हणाले होते, "मास्तरीण बाई सोसायटीची बिलं वाटत फिरणार, लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतात ते त्या दिवशी पोटभर ऐकून झाले. महिनाअखेर काकांनी पाकीट दिले तेव्हा मला वाटले हे शेवटचे. पाकिटात १,५०० रुपयेच होते, आणि बरोबर शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर. आजोबांनीच दिला होता म्हणे. त्यांचे मेहुणे होते ते.

तेव्हापासून तक्त्याला हात लावण्याआधी मी त्याची तारीख घालून एक प्रत वेगळी ठेवते. काम झाले की एकूण बेरीज आधीच्या बेरजेशी ताडते आणि कोणत्याही तीन घरांचे आकडे मूळ पावतीशी पडताळते. दहा मिनिटांचे काम आहे.

आणखी काही गोष्टी पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. पैशाला हात लावायचा नाही. रोख कोणी दिली तरी "काकांकडे द्या." बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी सेक्रेटरी-खजिनदारांकडेच राहू दे, ते कौतुकाने देतील तरी घेऊ नका. सही त्यांची, टायपिंग आपले. काय काम, किती तारखेला, किती पैसे हे एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करायची. ओळखीचे घर असले तर जास्तच करायची.

आज तीन सोसायट्यांचे मिळून महिन्याला ५,४०० होतात, दिवाळी अंकांच्या आधी टायपिंगचे थोडे वर. याने घर चालत नाही, मी खोटे सांगणार नाही. ज्या बाईला एकटीला घर चालवायचे आहे तिने पूर्ण वेळाचेच काम बघावे. पण रिक्षावाल्याचा प्रश्न सुटला. भिशीच्या पैशातून जुना दुरुस्त केलेला लॅपटॉप घेतला होता, त्याचे पैसे फिटले. आणि पैसे माझ्या नावाच्या खात्यात येतात. यांनी एकदा सहज विचारले, "तुझ्या खात्यात किती आहेत गं?" मी आकडा सांगितला. त्यात जी मजा होती ती माझी मीच जाणे.

काम शोधायला फोनमध्ये बघू नका, पायी फिरा. तुमच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत किती सोसायट्या आहेत? किती दवाखाने, क्लास, छापखाने, पतसंस्था, अडत दुकाने? ज्या दारात कागदांचा ढीग आणि मागे वैतागलेला माणूस दिसेल तिथे काम आहे. दवाखान्यात सकाळी गर्दीच्या वेळी जाऊ नका, दुपारी एकनंतर जा. ओळखीने गेलात तर उत्तम, नाही तर सरळ जाऊन सांगा की मी शेजारच्या गल्लीत राहते, दुपारी तीन तास आहेत, एवढे एवढे येते. मला सात ठिकाणी नाही म्हणाले. त्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी आठ महिन्यांनी बोलावणे पाठवले.

घरातली गोष्ट वेगळीच. दुपारी बाई घरी आहे म्हटल्यावर कोणीही यावे, कुरियर यावे, गॅस यावा, मावशींनी गप्पांना यावे. मी खिडकीशी एक घडीचे टेबल लावले. टेबल उघडे असले की मी कामावर आहे, हे मुलीने दारावर खडूने लिहून ठेवले होते. पहिले दोन महिने त्याचा काही उपयोग झाला नाही. आता सासूबाईच आलेल्यांना हॉलमध्ये बसवतात.

आता त्या फोनबद्दल. भगिनींनी तीन हजार भरले नव्हते, पण ५०० "आगाऊ" म्हणून दिले होते आणि आधारचा फोटो पाठवला होता. मी म्हटले, बाकीचा एक पैसा देऊ नका, सगळे संदेश जपून ठेवा, १९३० ला आत्ता फोन करा. आधारचे बायोमेट्रिक आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून बंद करून ठेवता येते, ते करा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाईल क्रमांक चालू आहेत ते दिसते, तेही बघा. त्या म्हणाल्या, "हे जेवायला येतील आता. ते जेवून गेले की करते." मी म्हटले, "ते आल्यावर करा. त्यांच्यासमोर करा." पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मला माझे नऊ दिवस आठवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. यजमान रागावले, जेवण अर्धवट ठेवून उठले, आणि मग स्वतःच हेल्पलाइनचा नंबर लावून दिला. मी त्यांना वहीचे काम सांगितले होते. संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो आला. "फारसं काही येत नाही" म्हणणाऱ्या बाईंच्या डाव्या रकान्यात १७ ओळी होत्या. नववी ओळ अशी: "दुकानाची बिलं, स्टॉकची वही, जीएसटीचे आकडे काढून सीएला पाठवणे, गेली चार वर्षं मीच करते."

मी लगेच विचारले, हे पत्रात का नाही लिहिले? उत्तर आले, "ते तर घरचंच आहे ना."

त्यांच्या गल्लीत आणखी नऊ दुकाने आहेत, हे मी त्यांच्याकडून मोजून घेतले आहे. सोमवारी दुपारी त्या पहिल्या दुकानात जाणार आहेत. काय झाले ते कळवतील, मग तुम्हालाही सांगेन. वाळवणांचे पुढच्या आठवड्यात नक्की.